गोधडी वाळली का?

आयर्लंडला येऊन चार वर्षं झाली, नोकरी मिळाली, भाड्याचं घर मिळालं (ती रडकथा वेगळी), पण धुतलेला कपडा वाळवणं काही अजून जमलेलं नाही.

आता तुम्हाला वाटेल की पाऊस फार पडत असणार. तसं नाहीये. डब्लिनमध्ये अख्ख्या वर्षात साधारण 750 मिलिमीटर पडतो, तेवढा तर मुंबईत एकट्या जुलैत पडून जातो. पण मुंबईचा पाऊस रीतसर येतो, चार महिने धिंगाणा घालतो आणि निघतो. इथला म्हणजे रिकामटेकडा पाहुणा, दारात दहा मिनिटं उभा राहणार, जाणार, आणि छत्री राहिली म्हणून परत येणार. त्यात तुमचे कपडे दोरीवर असले की हमखास. पश्चिमेला गॉलवेकडे तर वर्षातले सव्वादोनशे दिवस ओले असतात, ते लोक काय घालून फिरतात देव जाणे.

तर मेअखेरीस सोलापूरहून आई आली. सोलापुरात मे महिन्यात शेवटच्या कपड्याला चिमटा लावेपर्यंत पहिला कडकडीत वाळलेला असतो, अशा गावची ती. येताना आजीच्या हातची गोधडी घेऊन आली, जुन्या नऊवाऱ्यांची, चांगली जाडजूड, आणि आठवड्यात तिने ती धुवायला काढली.

"आई, अगं नको."

"अरे बघ की ऊन केवढं पडलंय!"

पडलं होतं खरं. शेजारच्या आजीही कुंपणावरून "ग्रेट ड्राइंग आउट" म्हणाल्या. इथे चांगली हवा म्हणजे कपडे वाळतील अशी हवा, फिरायला जायचं वगैरे नंतर. मागच्या अंगणात एका खांबावर छत्रीच्या काड्यांसारखी फिरती दोरी आहे, तिच्यावर आम्ही दोघांनी गोधडी पिळून टाकली आणि खांब लगेच एका बाजूला कलला. आई चहा टाकायला आत गेली, दूध उतू जायच्या आत पाऊस. गोधडी आत. ऊन. गोधडी बाहेर. पाऊस. असं तीनदा झालं. रात्री नऊला परत लख्ख ऊन पडलं, जूनमध्ये इथे दहाच्या सुमाराला मावळतं ना, तर आई म्हणे घाल बाहेर. रात्री नऊला नाइट पँटवर गोधडी वाळत घालणारा अख्ख्या लुकनमध्ये मी एकटाच असणार.

मग ती घरात आली. जिन्याच्या कठड्यावर दोन दिवस, रेडिएटरवर दोन दिवस. घराला कुबट वास, खिडकीच्या काचांवरून आतून पाणी, कोपऱ्यात काळी बुरशी. घरमालकाला कळवलं तर म्हणतो खिडक्या उघड्या ठेवा, म्हणजे हीटिंग चालू ठेवून आयर्लंड गरम करा.

शेवटी हॉट प्रेस. नाव ऐकून आईला वाटलं इस्त्री. ते खरं तर कपाट असतं, आत गरम पाण्याची टाकी आणि वर फळ्या, त्या उबेत लोक टॉवेल-चादरी ठेवतात. पण ऊब हवी तर पाणी तापवायला हवं, त्यासाठी टाकीत विजेचा हीटर असतो, त्याला म्हणायचं इमर्शन. त्याचं बटण दोन प्रकारचं, 'सिंक' म्हणजे थोडं पाणी, 'बाथ' म्हणजे पूर्ण टाकी. आईने गोधडी आत कोंबली, बटण 'बाथ'वर टाकलं आणि दार लावून घेतलं. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी.

ऑफिसात हे सांगितलं तर माझा आयरिश सहकारी, आधीच गोरा माणूस, अजून पांढरा पडला. इथली पोरं लहानपणापासून इमर्शन चालू राहिलं म्हणून आईच्या शिव्या खात मोठी झालेली असतात. आमच्याकडे शिव्या देणार कोणाला, आईनेच चालू ठेवलं होतं. बिल बघून बायको फक्त "असू दे" म्हणाली, ते "असू दे" मला अजून आठवतं.

बरं, वरून वाळली, आतून दमटच. ऑगस्टमध्ये आई निघाली तेव्हा बॅग साडेतीन किलो जास्त भरली, मग गोधडी इथेच राहिली. आता रोज कॉलवर पहिला प्रश्न, "वाळली का रे?"

काल ऊन होतं, मी कौतुकाने कॅमेरा दोरीकडे फिरवला. तेवढ्यात कुंपणापलीकडून आजी ओरडल्या, "रेन!" मी फोन गवतात टाकून धावलो. आईला बराच वेळ नुसतं आभाळ दिसत होतं म्हणे.