जी५०.० हा ऑपरेशनचा कोड नाही

सध्या नागपुरातल्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. ‘कागदावर जी५०.० दिसलं की समजा, तुम्हाला ऑपरेशनसाठी हेरलंय. आधी मिरगीच्या गोळ्या देतात, मग कवटी उघडून चेहऱ्याची नस कापतात, तोंड कायमचं वाकडं होतं. दुखणं खरं तर दाढेचं असतं. दाढ काढा, मोकळे व्हा. साठीनंतर तर काहीच करू नका.’ धंतोलीतल्या एका दवाखान्यात फायलींना आजाराचे कोड लावायचं काम मी करते. हा मेसेज वाचून गोळ्या बंद केलेली माणसं आमच्या खिडकीशी येताहेत, म्हणून एकेक मुद्दा घेते.

कोडपासून सुरू करू. तो कुठल्या दवाखान्याने काढलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या यादीत ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचा, म्हणजे चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या पाचव्या नसेतून उठणाऱ्या कळांचा, तो क्रमांक आहे. आजार कोणता, एवढंच त्यात असतं. उपचाराबद्दल अक्षरही नसतं. शेजारचे कोड पाहा. जी५०.१ म्हणजे चेहऱ्याचं वेगळ्या धाटणीचं, बराच वेळ ठुसठुसणारं दुखणं. नागीण होऊन गेल्यावर मागे राहिलेलं दुखणं बी०२.२ मध्ये जातं. जी५१.० म्हणजे बेल्स पाल्सी, आपण ज्याला तोंडाचा लकवा म्हणतो. पेशंट मात्र सगळ्याच वेळी ‘चेहऱ्याची नस’ एवढंच सांगतो. जी५०.१ वाल्याला पाचव्या नसेच्या ऑपरेशनचा सहसा उपयोग होत नाही. म्हणजे निदान नेमकं लिहिलेलं असेल, तर नको ते ऑपरेशन टळतं.

दाढेचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. काटोलकडच्या एक काकू आल्या होत्या. पदर नाकापर्यंत ओढलेला, तोंडातून शब्द नाही. मुलीच्या मोबाईलवर टाइप करून उत्तरं देत होत्या. उजवीकडच्या तीन दाढा काढून झालेल्या आणि सणक जशीच्या तशी. वर पंखा फिरत होता, त्याचा वारा गालाला लागला की डोळे गच्च मिटायच्या. पाचव्या नसेच्या खालच्या दोन फांद्या जबड्यांत आणि दातांत जातात, म्हणून कळ दाढेतच उठल्यासारखी वाटते. पण किडलेली दाढ तासन् तास ठणकते. ही कळ करंट लागल्यासारखी येते आणि काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत थांबते. तोंडावर पाणी मारलं, दाढी केली, ब्रश लावला, घास चावला की पुन्हा. दातांचा एक्स-रे जरूर काढा, मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. दाढ चांगली निघाली, तर तिला हात लावू देऊ नका.

मिरगीच्या गोळ्या? हो, कार्बामाझेपीन मिरगीतही देतात. ते भडकलेल्या नसेतले झटके शांत करतं आणि १९६२ पासून या दुखण्यावर वापरात आहे. गुंगी येते, रक्तातलं सोडियम उतरू शकतं, म्हणून तपासण्या लागतात. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एरवी गोळी मनाने बंद करायची नाही.

आता ‘नस कापतात’. बऱ्याच पेशंटमध्ये मेंदूतून निघतानाच या नसेला एखादी रक्तवाहिनी घासत असते. गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (नसांचं आवरण खराब करणारा आजार) नाही ना, हेही पाहायचं असतं, म्हणून एमआरआय. गोळ्यांनी भागेनासं झालं किंवा त्या सोसेनाशा झाल्या, की ऑपरेशनचा विचार होतो. कानामागून छोटी खिडकी करून रक्तवाहिनी बाजूला सारतात आणि मध्ये टेफ्लॉनचा बोळा ठेवतात. नस अखंड राहते. अमेरिकेतल्या पीटर जॅनेटा यांनी ही पद्धत रुजवली. त्यांच्या चमूने १९९६ मध्ये ११८५ पेशंटचा हिशेब मांडला: दहा वर्षांनंतरही ७० टक्के लोक गोळीशिवाय वेदनामुक्त होते. धोकेही त्यात नोंदले आहेत. दोघे दगावले, सुमारे एक टक्क्याचा त्या बाजूचा कान गेला. तोंड वाकडं होण्याची भीती वेगळ्या नसेची आहे. चेहरा हलवते ती सातवी नस, दुखते ती पाचवी. सातवी जवळच असल्याने तिला क्वचित धक्का बसतो, पण प्रत्येकाचं तोंड वाकडं होतं हे धादांत खोटं आहे.

वयाचं म्हणाल, तर ऑपरेशन केवळ साठी ओलांडली म्हणून नाकारत नाहीत. हृदय, फुप्फुसं आणि भूल सोसण्याची ताकद पाहतात. ज्यांना ते झेपणार नाही, त्यांच्यासाठी गालातून सुई घालून फुगा फुगवणं किंवा उष्णतेने नस बोथट करणं आहे, गॅमा नाइफ म्हणजे नेमक्या जागी किरण सोडण्याचा उपाय आहे. सुईच्या उपायांत नसेला मुद्दाम थोडी इजा करतात. गाल बधिर होतो आणि काही वर्षांत दुखणं परतू शकतं, हे आधीच विचारून घ्या.

विम्याच्या क्लेम फॉर्मचा भाग ब दवाखाना भरतो. त्यात आजाराच्या कोडखाली ऑपरेशनचा वेगळा कोड असतो, सात जागांचा. त्यातली तिसरी जागा बघा. तिथे ‘एन’ म्हणजे नस मोकळी केली, ५ म्हणजे बोथट केली, ८ म्हणजे छेदली. डिस्चार्जआधी या भागाची प्रत मागा आणि ऑपरेशनच्या नोंदीशी जुळते का, ते डॉक्टरांसमोरच पाहून घ्या.