उपप्रश्न पाठ करून घ्यावेत

अभिनंदन! शिक्षकांच्या सभेत मुख्याध्यापकांनी ‘यंदा युवा संसद कोण बघतंय?’ असं विचारलं, तेव्हा तुमच्या तोंडाला चहाचा कप होता. नाही म्हणता आलं नाही, म्हणजे हो. संसदेत याला आवाजी मतदान म्हणतात. मी भूगोलाचा माणूस, पण अशाच एका कपापायी नऊ वर्षं हे खातं सांभाळतोय. तेव्हा चार शब्द ऐकून घ्या.

आधी थोडा इतिहास, कारण प्रमुख पाहुण्यांचं भाषण तुम्हालाच लिहून द्यायचंय. 1962 साली मुंबईत देशभरातल्या पक्षप्रतोदांची परिषद भरली होती. शिक्षणसंस्थांमध्ये अभिरूप संसदा भरवाव्यात, म्हणजे मुलांनीच खासदार-मंत्री होऊन संसदेचं कामकाज करून दाखवावं, अशी शिफारस तिने केली आणि 1966-67 मध्ये दिल्लीच्या शाळांपासून युवा संसदेच्या स्पर्धा सुरू झाल्या. प्रतोदाचं काम काय, तर आपल्या पक्षाच्या सदस्याने हात कधी वर करायचा हे त्याला आधीच सांगून ठेवणं. मुलांना लोकशाही शिकवावी हे नेमकं त्यांनाच सुचलं, यात मला तरी गमतीचं काही दिसत नाही.

मुलं लागतात पन्नास-पंचावन्न. लोकसभेत गणपूर्तीसाठी एक दशांश सदस्य लागतात, तेही साधारण पंचावन्नच. म्हणजे तुमचं सभागृह खचाखच भरलं, की ते खऱ्या लोकसभेच्या किमान हजेरीइतकं होतं. हे मुलांना सांगू नका, ती उगाच सुट्ट्या मागतात.

पात्रं निवडताना तत्त्वाला चिकटून राहा. पाठांतर पक्कं ते मंत्री, आवाज मोठा तो विरोधी पक्ष, दोन्ही नाही ते मार्शल. ज्याच्या घरी जाकीट आहे तो पंतप्रधान, म्हणजे भाड्याचे दीडशे रुपये वाचतात. संस्थेच्या सचिवांची नात नववीत असेल तर अध्यक्षपदाचा प्रश्न तुमच्या आधीच सुटलेला आहे. उपाध्यक्षाला ऐन वेळी गालगुंड झाले तरी घाबरू नका. सतराव्या लोकसभेने अख्खी मुदत उपाध्यक्षाशिवाय काढली. आणि ज्यांच्याबद्दल काहीच सुचत नाही अशा तिघांना परदेशी शिष्टमंडळ करून प्रेक्षक कक्षात बसवा. अध्यक्षांनी स्वागत केलं की उठून नमस्कार, एवढंच काम. ही जागा फार मोलाची आहे, तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

एखादा आगाऊ पोरगा म्हणेल, सर, अध्यक्ष मतदानाने निवडू या की. त्याला शांतपणे समजवा. महाराष्ट्रात कॉलेजांमधल्या खुल्या निवडणुका नव्वदच्या दशकात बंद झाल्या, 2016 च्या विद्यापीठ कायद्याने त्या परत आणल्या आणि 2019 मध्ये विधानसभेच्या निवडणुका तोंडावर आहेत म्हणून पुढे ढकलल्या. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या ताई-दादांना थांबावं लागतं बाळा, तू तर नववी ब. तरीही ‘मग मी विरोधी पक्षात का?’ असं विचारलंच, तर खरं कारण सांगून टाका: तुझा हजेरी क्रमांक तीसच्या पुढे आहे.

तालमी जूनपासून धरा. शोकप्रस्तावाकडे विशेष लक्ष हवं. आमचे एक काल्पनिक माजी खासदार दर शनिवारी वारतात. पहिल्या खेपेला मुलं खरोखर गंभीर होती. पाचव्या खेपेला मौन पाळताना मागच्या बाकावरून खुसखुस सुरू झाली. आता तर ते वारल्याशिवाय शनिवार सुटल्यासारखा वाटत नाही.

गुण शंभरपैकी, त्यातले दहा शिस्तीचे. म्हणून गोंधळही शिस्तीत बसवावा लागतो. संहितेत कंसात ‘गोंधळ’ असं लिहिलं असेल तिथे चाळीस सेकंद, उजवीकडून डावीकडे, बाकं न मोडता. अध्यक्षांनी ‘कृपया शांत रहिए’ म्हटलं की (केंद्राची स्पर्धा हिंदीत किंवा इंग्रजीत, आपल्या पोरांना शांतही परभाषेतच व्हावं लागतं) सगळ्यांनी एकदम खाली बसायचं. मुलं टीव्ही बघतात, त्यामुळे कुणीतरी विचारतंच, ‘सर, निलंबन का नाही ठेवलं?’ रास्त आहे. 2023 च्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून 146 खासदार निलंबित झाले. आपल्या विधानसभेने 2021 मध्ये बारा आमदारांना वर्षभरासाठी घरी बसवलं होतं, पुढे सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला. पण आपल्याकडे अख्खी मुलं पंचावन्न. शिवाय प्रत्येकाच्या पालकांनी फोटोचे पैसे आधीच भरलेत.

विधेयकाला सहा मिनिटं ठेवा. कमी वाटतील, पण शेतकी कायदे मागे घेणारं विधेयक 29 नोव्हेंबर 2021 ला लोकसभेत काही मिनिटांत, चर्चेविना मंजूर झालं होतं. तेव्हा सहा मिनिटं म्हणजे सखोल चर्चाच.

खरी जोखीम प्रश्नोत्तराच्या तासात आहे. तारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची सूचना कितीतरी दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे मंत्री उत्तर घेऊनच येतो. त्याला आधी कळत नाही अशी गोष्ट एकच, त्या उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेला उपप्रश्न. मंत्र्याला स्वतःच्या खात्याचं किती कळतं, हे तिथे उघडं पडतं. आता असली चीज नववीतल्या पोरांच्या हाती मोकळी कशी द्यायची? म्हणून उपप्रश्न आपण लिहावेत, त्यांची उत्तरं आपण लिहावीत, आणि उपप्रश्न ऐकून मंत्र्याने दचकायचं कसं, तेही बसवून घ्यावं. किंचित मागे व्हायचं, मग कागद चाळायचे. कागद कोरे चालतात. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात करोनामुळे प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता. मी तेव्हा हे मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं होतं, पण परिपत्रकात त्या तासाला गुण आहेत म्हणाले.

गेल्या वर्षीचं सांगतो, म्हणजे मी एवढा का घाबरतो ते कळेल. परीक्षकांत एक माजी आमदार होते, पहिली वीस मिनिटं डोळे मिटून बसलेले. शिक्षणमंत्री, म्हणजे दहावीची एक हुशार मुलगी, देशातल्या विज्ञानशिक्षणाच्या प्रगतीचं पाठ केलेलं उत्तर देऊन खाली बसली. संहितेप्रमाणे पुढच्या बाकावरचा उपप्रश्न यायचा होता. उठला तिसऱ्या रांगेतला. त्याला मी एकही वाक्य दिलं नव्हतं, फक्त गोंधळात घेतलं होतं. म्हणाला, ‘अध्यक्ष महोदया, हमारे स्कूल में प्रयोगशाला है, मैंने खिडकी से देखी है। उसका कुलूप कब खुलेगा?’

सभागृह चिडीचूप. शिस्तीचे दहा गुण तिथल्या तिथे मिळायला हवे होते. मंत्रीणबाईंनी विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुख्याध्यापकांनी पंख्याकडे पाहिलं. मग ती पोरगी आपणहून उठली, पदर सावरला आणि म्हणाली, ‘महोदया, जानकारी एकत्र की जा रही है, सभा पटल पर रख दी जाएगी।’

माजी आमदारांनी डोळे उघडले आणि बाक वाजवलं. नंतर माझा हात धरून म्हणाले, ‘सर, उत्तर काय लिहिलंय तुम्ही! खरं सभागृह डोळ्यांपुढे उभं केलंत.’ आम्ही विभागात दुसरे आलो. ढाल मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. प्रयोगशाळेतल्या कपाटात ठेवायचं ठरलं होतं, पण किल्ली सापडली नाही.

ते उत्तर यंदा मी संहितेत घातलंय, पान सातवर. तुम्हीही घ्या, खुशाल. तिसऱ्या रांगेतला तो पोरगा आता दहावीत गेलाय. परदेशी शिष्टमंडळात आहे.