खुलासा : नुसतं प्लास्टिक रात्री ऊब धरत नाही

सोलापूरच्या शेतकरी गटांत फिरणारा मेसेज म्हणतो, साध्या प्लास्टिकचं बंदिस्त हरितगृह हीटरशिवाय थंडीभर उबदार राहतं. हे चूक आहे. साध्या पॉलिथिनमधून उष्णता रात्री किरणांवाटे निसटते; निरभ्र रात्री आत कधीकधी बाहेरच्यापेक्षाही गारठा असतो.

लडाखमधली हरितगृहं तगतात ती जाड मातीच्या भिंतींमुळे. भिंत दिवसा ऊन साठवते, रात्री सोडते. पाणीही तसंच: 200 लिटरचं पिंप 10 अंशांनी निवताना 2,000 किलोकॅलरी, म्हणजे सुमारे 2.3 युनिट विजेइतकी उष्णता देतं.

शिवाय आपल्याकडे खरा धोका उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. वरून गरम हवा निघायला वाट नसेल तर रोपं करपतील. कृपा करून अशा हरितगृहासाठी कर्ज काढू नका.

मेसेज पुढे पाठवणं थांबवा. पाठवला असेल, तर त्याच गटात हा खुलासा टाका.