पडदा काळा झाला म्हणजे संगणक झोपला असे नव्हे

काल पहाटे साडेतीनला आईच्या डोक्यावरचा पंखा थांबला. मे महिना, यवतमाळ जिल्ह्यातले गाव, रात्री अकरापासून गेलेली वीज आणि इन्व्हर्टरची बॅटरी संपल्याची ती कर्कश शिट्टी. दोन पंखे आणि एक दिवा एवढ्यावर ही बॅटरी एरवी सकाळपर्यंत निघते. मी मोबाईलच्या उजेडात समोरच्या खोलीत गेलो, जिथे माझे ऑनलाइन कामांचे केंद्र आहे, आणि सीपीयूच्या मागच्या जाळीवर हात ठेवला. जाळी चांगलीच गरम होती. रात्री दहाला मी खुर्चीवरून उठलो तेव्हापासून बॅटरी संपेपर्यंत तो चालूच होता. पंधरा मिनिटे कोणी हात लावला नाही तर स्लीपला जा, म्हणजे उघडे काम तसेच ठेवून अगदी कमी विजेवर झोप, असे त्याला सेटिंगमध्ये स्पष्ट सांगून ठेवलेले आहे. पडदा मात्र पाच मिनिटांत इमानदारीने काळा होतो, त्यामुळे बघणाऱ्याला वाटते की सगळे निजले.

‘बंदच का करत नाही?’ असे मला कृपया कोणी विचारू नये. जुन्या हार्ड डिस्कचा संगणक आहे. तो उघडून कामाला लागायला दहा मिनिटे घेतो, आणि दिवसातून आठ वेळा गिऱ्हाइकांना तेवढे ताटकळत ठेवता येत नाही. स्लीप ही सोय नेमकी याचसाठी केलेली आहे. असा साधा डेस्कटॉप पडदा सोडून नुसता रिकामा बसला तरी पन्नास वॅटच्या आसपास वीज खातो आणि स्लीपमध्ये गेला की दोन-चार वॅटवर येतो. दहा तास पन्नास वॅट म्हणजे अर्धा युनिट, महिन्याला पंधरा युनिट, आणि ते कशासाठी, तर रिकाम्या खुर्चीसमोर पंखा फिरवण्यासाठी.

सकाळी आठला वीज आलेलीच नव्हती. शेजारच्या गावाहून एक काकाजी पीककर्जाच्या कागदांसाठी सातबारा काढायला आले होते. ओट्यावर तासभर बसले, माठातले पाणी प्याले आणि उन्हाच्या आत घरी पोहोचायचे म्हणून परत गेले. जाताना ‘होते असं कधी कधी’ असे म्हणाले. त्या समजूतदारपणाने मला जास्त त्रास झाला, कारण हे कधी कधी होत नव्हते. दोन महिन्यांपासून रोज होत होते.

दोन महिन्यांपूर्वी मी दारव्ह्याच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो होतो. त्याने संगणक उघडलाही नाही. ‘फॉरमॅट मारा लागते भाऊ,’ एवढेच बोलला, म्हणजे डिस्क पुसून सगळे नव्याने भरायचे. याच्याकडे प्रिंटर अडकला तरी फॉरमॅट, इंटरनेट मंद झाले तरी फॉरमॅट. आजाराचे नाव न विचारता सगळ्यांना एकच सुई टोचणाऱ्या माणसाला आपण डॉक्टर म्हणत नाही, मग याला दुरुस्ती का म्हणावे? पाचशे रुपये घेतले, माझे मराठी फॉन्ट घालवले, अर्जांचे जमवून ठेवलेले नमुने घालवले, आणि नंतर जुनेच ड्रायव्हर (संगणकाची उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) व जुनेच प्रोग्राम पुन्हा भरून दिले. त्याच रात्री संगणक पुन्हा जागा. ज्याच्यामुळे झोप मोडत होती तोच प्रोग्राम पुन्हा आत बसवल्यावर दुसरे काय होणार?

आज दुपारी वीज आल्यावर मी स्वतःच बसलो. कोण जागे ठेवते आहे याचे उत्तर संगणकाकडे तयार असते, ही गोष्ट मला सगळ्यात जास्त चीड आणते. कोणत्याही प्रोग्रामला विंडोजकडे मागणी नोंदवता येते की माझे काम चालू आहे, यंत्राला झोपू देऊ नका. ही सोय मुळात योग्य आहे. मोठी फाइल उतरत असताना किंवा छपाई चालू असताना संगणक झोपला तर कोणालाच नको. पण मागणी नोंदवणाऱ्याचे नाव पॉवरच्या सेटिंगमध्ये दिसत नाही. तिथे नुसती मिनिटे निवडायची. नाव पाहायचे तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’, जागा सोडून तिरपी रेघ (/), आणि तिला चिकटून ‘रिक्वेस्ट्स’ असे इंग्रजीत टंकित करा. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, ही आज्ञा आहे. इतकी वर्षे हे उत्तर त्या काळ्या खिडकीत पडून आहे आणि इकडे माणसे फॉरमॅटचे पैसे मोजत आहेत. ‘अमुक प्रोग्राममुळे संगणक झोपू शकत नाही’ एवढे एक वाक्य सेटिंगच्या पानावर मराठीत दाखवायला काय हरकत होती?

माझ्याकडे ‘सिस्टम’ या शीर्षकाखाली ऑडिओच्या ड्रायव्हरचे नाव आले आणि खाली एक ओळ, की आवाजाचा प्रवाह सध्या वापरात आहे. खोलीत गाणे नाही, व्हिडिओ नाही, स्पीकरची वायरसुद्धा काढलेली. म्हणजे नाव ड्रायव्हरचे आणि उद्योग दुसऱ्याच कोणाचा. मग प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोनचे पान उघडले, तर तिथे वेबकॅमसोबत आलेला प्रोग्राम ‘आत्ता वापरात’ असा उभा. गिऱ्हाइकांचे फोटो काढण्यासाठी घेतलेला साडेसहाशे रुपयांचा कॅमेरा, आणि त्याचा हा प्रोग्राम संगणक सुरू झाल्यापासून माइक उघडा ठेवून बसलेला. कोणाच्या परवानगीने? माझ्या केंद्रात लोक आधार क्रमांक मोठ्याने सांगतात, बँकेचे खाते सांगतात, घरातली भांडणेसुद्धा सांगतात. फोटो काढणाऱ्या वस्तूला कान उघडे ठेवण्याचे कारणच काय? बनवणाऱ्या कंपनीने डब्यावर यातले एक अक्षर छापलेले नाही.

प्रोग्राम काढून टाकला. कॅमेरा त्याच्याशिवाय उत्तम चालतो, म्हणजे त्याची गरज मुळात नव्हतीच.

एवढ्यावर भागले नाही. संगणक स्लीपला गेला आणि चार मिनिटांत परत जागा झाला. या वेळी त्याच आज्ञेत ‘रिक्वेस्ट्स’च्या जागी ‘लास्टवेक’ लिहिले, तेव्हा माउसचे नाव निघाले. कुलर ज्या भिंतीला लागून आहे तिलाच टेबल टेकलेले. कुलर घरघरला की टेबल थरथरते, आणि गुळगुळीत सनमायक्यावर माउस केसभर सरकला तरी संगणकाला वाटते की मालक आला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन ‘या उपकरणाला संगणक जागा करू द्या’ या अर्थाची खूण काढली आणि माउसखाली जाड पुठ्ठा ठेवला. आता जागे करायचे ते फक्त कीबोर्डवरून.

वीज चोवीस तास राहील अशा ठिकाणी बसून या गोष्टी बनवणाऱ्यांना पन्नास वॅट क्षुल्लक वाटत असतील. इथे पन्नास वॅट म्हणजे उन्हाळ्याच्या रात्री म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावरचा पंखा आहे.

आज रात्री साडेदहाला मी पुन्हा ती आज्ञा दिली. प्रत्येक शीर्षकाखाली ‘नन’, म्हणजे कोणीच नाही, असे आले. दिवा मालवून खाटेवर बसून राहिलो. पावणेअकराला सीपीयूचा पंखा थांबला आणि खोलीत फक्त कुलरच्या पाण्याचा आवाज उरला. सोमवारी दारव्ह्याला जाणार आहे. पाचशे रुपये परत मागायचे आहेत, आणि ती आज्ञा कागदावर लिहून त्याच्या टेबलावर ठेवायची आहे.