साडूंचा अल्फा

साडू हा नातेवाईक देवाने तुलनेसाठीच जन्माला घातला आहे. एका घरच्या दोन लेकी म्हटल्यावर दोन्ही जावयांचा हिशेब सासरी आपसूक एकाच पानावर मांडला जातो. पूर्वी तो प्लॉटवर मांडला जायचा. लातुरात औसा रोडला कोणी घेतला, बार्शी रोडला कोणी घेतला, यावर दहा-दहा वर्षं निकाल टिकायचा. म्युच्युअल फंड आले आणि निकाल रोज रात्री, एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा त्या दिवसाचा भाव) जाहीर झाली की लागायला लागला.

थोरले साडू छत्रपती संभाजीनगरला असतात. वाळूजला कारखान्यात साहेब आहेत. फॅमिली ग्रुपवर त्यांनी एका सकाळी आपल्या फंडाचा हिरवा आकडा टाकला : वर्षाला २३ टक्के. माझा फंड साडेअठरावर होता. "दाजींना तेवीस मिळाले," बायको तूर निवडता निवडता एवढंच म्हणाली. बातमी, तक्रार आणि शिक्षा, तिन्ही त्या तीन शब्दांत आलं.

माझी उभी नोकरी लेखा विभागात गेली. एका आकड्यावर गप्प बसणं रक्तातच नाही. दोन्ही फंडांच्या फॅक्टशीट, म्हणजे माहितीपत्रकं, काढल्या. पहिल्या पानावर हसरं कुटुंब असतं, ते ओलांडून आत गेलं की एका कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात स्टँडर्ड डेव्हिएशन, शार्प रेशो आणि बीटा असे तिघे दाटीवाटीने बसलेले सापडतात. चष्मा काढून, मग पुसून, मग मोबाइलने फोटो काढून तो मोठा करून वाचलं. साडूंच्या फंडाचा बीटा १.३. माझ्या फंडाचा ०.८.

बीटा म्हणजे बाजार हलला की फंड किती हलतो त्याचं माप. बाजाराचा स्वतःचा बीटा १. निर्देशांक १० टक्के चढला तर १.३ वाला साधारण १३ चढणार, ०.८ वाला ८. उतरतानाही तोच न्याय. हा आकडा बहुतेक ठिकाणी मागच्या तीन वर्षांच्या मासिक परताव्यांवरून काढतात, म्हणजे पुढे तो तसाच वागेल असं त्याने कोणाला लिहून दिलेलं नसतं.

अल्फा म्हणजे घेतलेल्या धोक्याच्या मानाने जेवढं मिळायला हवं होतं, त्याहून फंडाने किती जास्त किंवा कमी दिलं ते. त्याला जरा आकडेमोड लागते. गोल आकडे धरतो. बाजाराने वर्षात २० टक्के दिले, आणि काहीही धोका न पत्करता सरकारी रोख्यांत ७ मिळत होते. म्हणजे धोका पत्करल्याबद्दल बाजाराने वर दिले १३. साडूंच्या फंडाने १.३ पट धोका घेतला, तेव्हा त्याने ७ अधिक १३ गुणिले १.३, म्हणजे २३.९ द्यायलाच हवे होते. दिले २३. अल्फा उणे ०.९! माझ्या फंडाकडून अपेक्षा ७ अधिक १३ गुणिले ०.८, म्हणजे १७.४. त्याने दिले १८.५. अल्फा अधिक १.१.

मी जिंकलो होतो. रात्री साडेअकराला, लुंगीवर, भाऊबंदकीचा दावा जिंकल्याच्या थाटात. अडचण एकच होती, हा विजय घरात कोणाला पटवता येईना. बायकोला आख्खं गणित मांडून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पैसे कोणाचे जास्त झाले?"

या प्रश्नाला विल्यम शार्प यांच्याकडेही उत्तर नसावं. त्यांनी १९६४ साली या बीटाचा सिद्धांत मांडला आणि १९९० साली त्यांना नोबेल मिळालं, पण त्यांना साडू किती होते याची नोंद कुठे आढळत नाही.

मी तिला २३ मार्च २०२० ची आठवण करून दिली. कोरोनाच्या भीतीने त्या एका दिवसात निफ्टी, म्हणजे मोठ्या ५० कंपन्यांचा निर्देशांक, सुमारे १३ टक्के पडला होता. त्या दिवशी ग्रुपवर साडूंचा स्क्रीनशॉट तर सोडाच, 'शुभ सकाळ'सुद्धा आलं नव्हतं. १.३ बीटा असा असतो, मी म्हणालो. "तेव्हा दाजींना ताप होता," ती म्हणाली.

शेवटी मी हिशेबाचा कागद ग्रुपवर टाकला. साडूंचा फोन आला. माणूस हुशार, दुखत्या जागी बोट ठेवलं. म्हणाले, "माझा फंड मिडकॅपचा, मधल्या आकाराच्या कंपन्यांचा. तुम्ही त्याला निफ्टीशी कसं काय मोजायलाव?" मुद्दा बिनतोड होता. फंड ज्या निर्देशांकाच्या चालीने चालतच नाही, त्याच्याशी जोडून काढलेला बीटा निव्वळ शोभेचा, आणि त्या बीटावर उभा केलेला अल्फाही तसलाच. हे जुळतं की नाही ते आर-स्क्वेअर्ड नावाचा आणखी एक आकडा सांगतो. तो एकाच्या जवळ असेल तरच पुढचं बोलायचं. म्हणून मी मिडकॅप निर्देशांक घेतला. तो त्या वर्षात ३० टक्के वाढला होता (हाही आकडा गोलच), आणि त्याच्याशी साडूंच्या फंडाचा बीटा ०.९५. अपेक्षा २८.८५, मिळाले २३. अल्फा उणे पावणेसहाच्या खाली गेला. मी हे अत्यंत नम्रपणे कळवलं. साडूंनी ग्रुप म्यूट केला.

त्यानंतरची गाठ २०२३ च्या अधिक श्रावणात, उदगीरला, सासुरवाडीत. धोंड्याचं जेवण. पुरणाचे धोंडे, त्यावर तूप, आणि दोन्ही जावयांना वाण म्हणून तेहतीस-तेहतीस अनारसे. सासूबाईंनी अनारसे मोजून दिले, म्हणून निदान तिथे वाद झाला नाही. बाकी ताटावर बसल्यापासून आमची जुंपलीच होती.

मी तयारीने गेलो होतो. मायकेल जेन्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६८ साली अल्फा मोजायची ही रीत छापली, तेव्हा त्याने १९४५ ते १९६४ या काळातले ११५ फंड तपासले होते. खर्च वजा जाता त्यांचा सरासरी अल्फा वर्षाला उणे एक टक्क्याच्या आसपास निघाला. मी हे साडूंच्या तोंडावर फेकलं. साडू शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुमचा तेवढा वेगळा निघाला म्हणायचा." तूप वाढत असलेली मेहुणी हसली.

सासरे मोंढ्यात आडतीच्या दुकानावर चाळीस वर्षं बसलेले. ते ऐकत होते. म्हणाले, "जावईबापू, एकवीस साली सोयाबीन धा हजाराच्या वर गेलं. त्या साली गावात ज्याला त्याला शेतीतलं कळू लालं होतं. भाव सगळ्यांलाच चढला, त्यात ह्याची काय हुशारी? एकानं उसनवारी करून दुप्पट माल भरून ठेवला, त्याला दुप्पट मिळाले. पुढं उतरलं तवा त्योच दुप्पट बुडाला. त्यालाबी हुशार म्हणू नका."

"मग हुशार कोणाला म्हणायचं?" साडू.

"ज्यानं वाळवून, चाळणी मारून माल आणला आन् त्या दिवशीच्या सौद्यावर पन्नास रुपये जादा घेतले त्याला. पर चाळायची मजुरी साठ पडली आसंल तर त्यालाबी नाही."

ताटं थबकली. आमचा कागद, जेन्सनचे ११५ फंड आणि माझी रात्रीची आकडेमोड सासऱ्यांनी एका चाळणीतून खाली पाडली होती. हात धुताना त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला चाळायची मजुरी किती पडती?"

साडूंनी फोन काढला, मीही काढला. माझा प्लॅन डायरेक्ट. २०१३ पासून अशी सोय आहे, त्यात मधल्या माणसाचं कमिशन नसतं, म्हणून खर्चाचा आकडा लहान दिसला. साडूंचा रेग्युलर, म्हणजे कमिशनवाला. त्यांच्या मित्रानेच काढून दिलेला. खर्चाचं प्रमाण त्यांनी पहिल्यांदाच वाचलं असावं, कारण ते दोनदा वाचलं. हे पैसे कोणी मागायला येत नाही, रोजच्या रोज एनएव्हीतूनच कापले जातात, हे मी सांगितल्यावर त्यांनी तिथल्या तिथे मित्राला फोन लावला, आणि आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"साहेब," पलीकडून आवाज आला, "मार्केट वाढू लालंय, तुम्ही कशाला एवढं खोलात जाऊ लालाव?"

सासरे टॉवेलला हात पुसत थांबले. "हा तर आमच्याच धंद्यातला निघाला की," म्हणाले. "भाव चढो का पडो, आडत चुकत नाही."