हक्काने मागणे आणि हुकूम सोडणे

चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, प्रार्थनेच्या साखळीत, कुठे ना कुठे हा संदेश येतोच. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मुद्दे तेच. तुम्ही भिकारी नाही, राजाधिराजाची मुले आहात. देवाने आपला सगळा अधिकार तुमच्या हाती दिला आहे, म्हणून विनवण्या थांबवा आणि आज्ञा द्यायला लागा. ‘तुझी इच्छा असेल तर’ म्हणणे हा अविश्वास. तीच गोष्ट पुन्हा मागणे हाही अविश्वास. जिभेत सामर्थ्य आहे, तेव्हा ‘मी आजारी आहे’ असे तोंडातून काढू नका, ‘मी बरा झालो आहे’ अशी घोषणा करा. येशूच्या नावाने दावा करा. एवढे करूनही मिळाले नाही, तर उणीव तुमच्या विश्वासात आहे. खाली लिहिलेले असते: आमेन म्हणा आणि दहा जणांना पाठवा.

माझ्या मावशीला तो अशाच दहा जणांपैकी कोणीतरी पाठवला. तेव्हा तिला पोटाचा कर्करोग होता आणि डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितले होते. रात्री तिने मला जवळ बोलावून विचारले, “माझा विश्वास कमी पडला का गं?” साठ वर्षे रोज पहाटे गुडघ्यावर बसणाऱ्या बाईला हा प्रश्न पडावा, याचा राग मला अजून आहे. तो आवरून एकेका मुद्द्याला उत्तर देते.

पहिले वाक्य मात्र खरे आहे, आणि ते मी कोणालाही हिरावून घेऊ देणार नाही. आपण देवाची मुले आहोत. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, पहिल्या अध्यायातले बारावे वचन सांगते की, ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना त्याने देवाची मुले होण्याचा अधिकार दिला. आपल्यापैकी कितीतरी जणांचे पणजोबा वेशीबाहेर राहत होते. गावच्या पाणवठ्यावर त्यांना हात लावू दिला जात नव्हता. त्यांनी हे वचन पहिल्यांदा ऐकले तेव्हा त्यांच्या आत काय हलले असेल, याची कल्पना आज आपल्याला सहज येत नाही. ही ओळख स्वस्त नाही. म्हणूनच तिच्या नावावर काय खपवले जाते ते नीट पाहायला हवे.

त्या वचनातला अधिकार कशाचा आहे? मुले होण्याचा. आणि मूल बापाकडे कसे येते, ते प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे: ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारत. आपल्या भाषेत यासाठी फार नेमका शब्दप्रयोग आहे, हक्काने मागणे. लेकरू आईच्या पदराला धरून हट्ट करते, रडते, रुसते, पुन्हा येऊन मागते. शेजारच्या घरी ते असे करणार नाही, कारण तिथे त्याचा हक्क नाही. पण हक्काने मागणारे लेकरू हुकूम सोडत नसते. हुकूम नोकराला सोडतात. संदेश लिहिणाऱ्याने ‘भिकारी की राजा’ एवढे दोनच पर्याय समोर ठेवले आणि ज्या नात्यासाठी प्रभू येशू मेला ते लेकराचे नाते मधल्यामध्ये गाळून टाकले. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले आणि त्याच्यासाठी अभंग रचले, ते याच नात्यातून. अभंगात आर्जव असते आणि त्या आर्जवाने कोणी लहान होत नाही.

‘देवाला आज्ञा द्या’ यासाठी यशयाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायातले अकरावे वचन पुढे केले जाते. एका जुन्या, प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तिथे आज्ञार्थी रूप आहे, ‘मला आज्ञा करा’ अशा अर्थाचे. पण तुम्ही नववे आणि दहावे वचन वाचा. आपल्या निर्माणकर्त्याशी झगडणाऱ्याला तिथे ‘हायहाय’ म्हटले आहे. माती कुंभाराला ‘तू काय करतोस?’ असे विचारील काय, असा प्रश्न आहे. त्या ओघात अकरावे वचन येते, तेव्हा त्याचा सूर ‘आता तुम्ही मला शिकवणार काय?’ असाच लागतो. कुंभाराला हुकूम सोडायची परवानगी मातीला मिळाली, असा अर्थ काढायला दोन वचने झाकून ठेवावी लागतात.

मग अधिकार मुळीच नाही का? आहे. लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू शिष्यांना शत्रूच्या सर्व शक्तीवर अधिकार देतो. या अधिकाराची शिकवण देणारे रस्त्यावरच्या हवालदाराचे उदाहरण देतात: ट्रक त्याच्यापेक्षा कितीतरी जड, तरी त्याने हात दाखवला की थांबतो, कारण त्याच्या वर्दीमागे सरकार उभे असते. उदाहरण चांगले आहे, मला आवडते. फक्त ते पुरते न्यायला हवे. हवालदार ट्रक थांबवतो, पोलीस आयुक्तांना थांबवत नाही. अधिकाराचे तोंड सैतानाकडे आहे, पित्याकडे नाही. सैतानाच्या बाबतीतही यहूदाचे पत्र सांगते की आद्यदेवदूत मीखाएलाने स्वतःच्या तोऱ्यात त्याला दटावले नाही, ‘प्रभू तुला धमकावो’ एवढेच तो म्हणाला. आणि लूकच्या त्याच अध्यायात, अधिकार दिल्यानंतर लगेच, प्रभू म्हणतो की भुते तुम्हांला वश होतात याचा आनंद मानू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा माना. संदेशात एकोणिसावे वचन आहे. विसावे नाही.

कफर्णहूमचा शताधिपती आठवा. तो रोमी अंमलदार, हाताखाली शिपाई, हुकूम सोडायची रोजची सवय. अधिकार म्हणजे काय हे शुभवर्तमानांत त्याच्याइतके नेमके कोणी सांगितलेले नाही. ‘मीही अधिकाराखाली असलेला माणूस आहे,’ असे तो म्हणतो. वरच्याच्या अधीन आहे, म्हणूनच खालच्यावर त्याची सत्ता चालते. असा हा माणूस आपला आजारी चाकर बरा व्हावा म्हणून विनवताना येशूला काय म्हणाला? आपण माझ्या छपराखाली यावे अशी माझी योग्यता नाही, फक्त शब्द बोला. आणि प्रभूने सांगितले की एवढा विश्वास मला इस्राएलातही आढळला नाही. शुभवर्तमानांतला मोठ्यात मोठा विश्वास ‘मी योग्य नाही’ म्हणत आला. त्याला हुकूम सोडता येत नव्हता म्हणून तो विनवत होता, असे कोणी म्हणू शकेल का?

आता ‘तुझी इच्छा असेल तर’. याच ओळीने सर्वांत जास्त माणसे घायाळ होतात, म्हणून इथे जरा थांबते.

मार्काच्या पहिल्या अध्यायात एक कुष्ठरोगी येतो आणि म्हणतो, आपली इच्छा असली तर मला शुद्ध करण्यास आपण समर्थ आहात. संदेशाच्या हिशेबाने याची प्रार्थना फुकट जायला हवी होती. प्रभूला त्याचा कळवळा आला. त्याने हात पुढे करून, ज्याला कोणी शिवत नव्हते त्याला स्पर्श केला आणि म्हणाला, ‘माझी इच्छा आहे, शुद्ध हो.’ त्याच शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात एक बाप फेपरे येणाऱ्या मुलाला घेऊन येतो आणि म्हणतो, ‘आपल्याला काही करता येत असेल तर करा.’ त्याला मात्र प्रभू टोकतो: ‘करता येत असेल तर?’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहा. त्याच्या सामर्थ्याबद्दल ‘जर’ लावले, तेव्हा प्रभूने हटकले. त्याच्या इच्छेबद्दल ‘जर’ लावले, तेव्हा त्याने हात पुढे केला. आणि हटकलेल्या त्या बापालाही रिकाम्या हाती पाठवले नाही. ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा,’ असे तो रडत म्हणाला आणि त्याचे पोर बरे झाले. अर्धवट विश्वासाची ती प्रार्थना ऐकली गेली.

आणि गेथशेमाने, वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली ती जागा. ‘हा प्याला माझ्यावरून टळून जावो’ हे मागणे खरे होते, घाम रक्तासारखा गळेपर्यंत खरे होते. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हेही तितकेच खरे. काही शिक्षक म्हणतात की ती समर्पणाची प्रार्थना होती, बरे होण्यासाठी तशी प्रार्थना चालत नाही. मग ‘जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे त्याने आपल्याला रोज म्हणायला का शिकवले? तेही रोजच्या भाकरीच्या आधी? योहानाचे पहिले पत्र तर स्पष्टच सांगते की, त्याच्या इच्छेप्रमाणे काही मागितले तर तो आपले ऐकतो. याकोब तर उद्याच्या व्यापाराचे बेतही ‘प्रभूची इच्छा असेल तर’ असे म्हणून करायला सांगतो.

हे मान्य करते की आपल्यातले काही जण ही ओळ पळवाट म्हणून वापरतात. मनापासून मागायचे नसते, निराशा नको असते, म्हणून आधीच हात वर करून ‘तुझी इच्छा’ म्हणून मोकळे होतात. ती प्रार्थना थंड असते. तिच्यावरचा उपाय गेथशेमानेतच आहे: आधी पोटातले मागा, घामाघूम होऊन मागा, आणि मग सोपवा.

पुन्हा मागणे हा अविश्वास, या मुद्द्याला फार वेळ द्यायला नको. गेथशेमानेत प्रभूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असे मत्तय लिहितो. पौलाने शरीरातला काटा, म्हणजे कायम सलणारा त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाला पुन्हा पुन्हा येऊन भंडावून सोडते, आणि प्रभूने ती गोष्ट सर्वदा प्रार्थना करावी, खचू नये, हे शिकवायलाच सांगितली.

जिभेच्या सामर्थ्याची गोष्ट वेगळी. जीवन व मरण जिभेच्या अधीन आहे, हे नीतिसूत्र खरेच आहे. कडू बोलण्याने घरे मोडतात, हे कोणाला माहीत नाही? पण रोमकरांच्या चौथ्या अध्यायातून ‘जे नाही ते असल्यासारखे बोलावणे’ उचलून आपल्या तोंडी घालणे चुकीचे आहे. तिथे तसे बोलावणारा देव आहे, अब्राहाम नाही. अब्राहामाने फक्त विश्वास ठेवला. दुखणे बोलायचेच नसेल, तर अर्धे स्तोत्रसंहितेचे पुस्तक फाडावे लागेल. प्रभू वधस्तंभावर म्हणाला, ‘मला तहान लागली आहे.’ पौलाने आपल्या सोबत्यांबद्दल काय लिहिले पाहा: एपफ्रदीत मरणाच्या दारी टेकला होता हे फिलिप्पैकरांना उघड लिहिले, त्रफिमाला मिलेतात आजारी ठेवून आलो हेही लिहिले, आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितला. ताप असताना ‘ताप नाही’ म्हणणे याला आपल्या आईने खोटे बोलणे म्हटले असते. औषध थांबवून अशी घोषणा करायला सांगणारे भेटले, तर त्या घरच्यांनी त्यांना दार दाखवावे.

येशूच्या नावाबद्दल एवढेच. नाव म्हणजे मुखत्यारपत्र, असे हे शिक्षक सांगतात. ठीक आहे. पण मुखत्याराने मालकाच्या मनाविरुद्ध व्यवहार केला, तर त्याला आपण विश्वासघात म्हणतो. आणि नाव मंत्रासारखे वापरले तर काय होते, ते इफिसात स्किवाच्या सात मुलांनी अनुभवले. भूत लागलेल्या माणसाने त्यांना असे बदडले की ते उघडेनागडे, घायाळ होऊन घराबाहेर पळाले.

ही शिकवण आपल्या आजीआजोबांची नाही. विसाव्या शतकात अमेरिकेत केन्यन या उपदेशकाच्या लिखाणातून आणि पुढे केनेथ हेगिन या दुसऱ्या उपदेशकाच्या प्रचारातून ती पसरली, मग टीव्हीवरून आणि मोबाइलवरून आपल्याकडे आली. परदेशातून आली म्हणून चूक, असे मी म्हणत नाही. आपल्यापर्यंत शुभवर्तमानही मिशनऱ्यांनीच आणले. पण आपल्याच मातीत प्रार्थना करणारे कोण होऊन गेले, ते तरी पाहावे. केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून उचलून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा सांभाळल्या, त्या प्रार्थनेच्या बळावर. 1905 साली त्यांच्या या मुक्ती संस्थेत जे आध्यात्मिक जागरण झाले त्याची चर्चा देशाबाहेरही झाली. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणणारी ही बाई. 1921 साली तिची एकुलती एक लेक मनोरमा, चाळिशीतच, तिच्या आधी गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मनोरमेसाठी केडगावात किती गुडघे टेकले गेले असतील? संदेशातले शेवटचे वाक्य घेऊन कोणी रमाबाईंसमोर उभे राहून दाखवावे. तुमचा विश्वास कमी पडला, असे त्यांना म्हणून दाखवावे.

इब्रीकरांच्या अकराव्या अध्यायात विश्वासाने सिंहांची तोंडे बंद करणारे आहेत, आणि त्याच यादीत विश्वासानेच करवतीने चिरले गेलेले आहेत. दोघांच्या विश्वासाबद्दल एकच साक्ष दिली आहे. पौलाला काट्याबद्दल मिळालेले उत्तर होते, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ काटा राहिला. आणि ख्रिस्ताबरोबर आपण स्वर्गात बसवले गेलो आहोत, असे इफिसकरांना लिहिणारा हाच पौल त्याच पत्राच्या शेवटी स्वतःला बेड्या पडलेला वकील, म्हणजे राजदूत, म्हणतो. बेड्या तुटाव्यात अशी आज्ञा तो देत नाही. मला धैर्याने बोलता यावे म्हणून प्रार्थना करा, अशी विनंती करतो.

मावशीला मी त्या रात्री यातले फारसे काही सांगितले नाही. एवढेच म्हटले, “तू लेक आहेस ना त्याची? मग विश्वास मोजायला कोण बसलंय?” मग आम्ही दोघींनी प्रभूची प्रार्थना म्हटली. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे ती न अडखळता म्हणाली. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ इथे थांबली. दोन दिवस तिच्या पोटात काही राहिले नव्हते. डोळे उघडून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “सकाळी थोडी पेज करशील? पातळ कर.”