बंपरवरचा जुना ओरखडा

खरंतर दोन वाक्यांत संपणारी गोष्ट आहे. दांडेकर पुलाच्या सिग्नलला मी उभी, पुढे पीएमटीची बस, मागून टेम्पो आला त्याने मला ठोकलं आणि मी जाऊन पीएमटीला ठोकलं. पीएमटीला कळलंही नाही, सिग्नल सुटला तशी ती निघून गेली. टेम्पोवाला "ताई ब्रेकच लागला नाही ओ" म्हणाला आणि मागून हॉर्नचा कल्ला सुरू झाल्यावर तोही गेला. त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून भरपाई मिळू शकते, पण त्यासाठी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जायचं, आणि एका डिकीसाठी तिथे खेटे घालणारा माणूस मला तरी अजून भेटलेला नाही. म्हणजे धडक त्याची, क्लेम माझ्या पॉलिसीवर.

तर गॅरेज. विमा कंपनीतर्फे नुकसान बघायला सर्व्हेअर म्हणून पंचविशीतला एक मुलगा आला, पाठीला सॅक, मान मोबाईलमध्ये. पहिला प्रश्न, "साहेब नाही आले?"

"साहेब ऑफिसात आहेत. गाडी मी चालवत होते."

"अच्छा, चालवत पण तुम्हीच होता."

हा 'पण' मी लक्षात ठेवलाय.

मग गाडीला एक प्रदक्षिणा झाली आणि सर्व्हेअरसाहेबांनी निकाल दिला. मागून ठोकलं ना, मग पुढचं वेगळं. दोन ॲक्सिडेंट, दोन क्लेम. दोन क्लेम म्हणजे कंपल्सरी डिडक्टिबलचे, म्हणजे दर क्लेमला आपल्याच खिशातून जाणारे एक हजार दोनदा कापणार. मी म्हटलं अहो एकाच सेकंदात झालं सगळं. तो म्हणाला, "मॅडम, तसं सगळेच सांगतात."

इथे काकांचा प्रवेश. वेटिंग एरियातल्या एसीखाली पेपर वाचत बसले होते. त्यांची गाडी तिथे नव्हती, हे मला नंतर कळलं. गाडी पाच वर्षांपूर्वीच विकली, पण इथला चहा बरा असतो आणि लाईट जात नाही म्हणून येतात. "34 वर्षं स्टोअर्सला काढलीत मी" अशी ओळख करून देऊन ते उठले, मशीनजवळचे तीन कागदी कप घेतले आणि काउंटरवर ओळीने मांडले. हा टेम्पो, या तुम्ही, ही पीएमटी. मधल्या कपात चहा होता. का, तर म्हणे "गाडीत माणूस बसलंय ना, वजन नको?" मग चष्मा कपाळावर सरकवून, एक डोळा मिटून, कॅरमची सोंगटी मारावी तशी टेम्पोला टिचकी मारली. टेम्पो माझ्यावर, मी पीएमटीवर, आणि मी सगळी माझ्याच क्लेम फॉर्मवर सांडले. "बघ! पीएमटी हललीसुद्धा नाही. पुढचं-मागचं एकदमच गेलं की नाही?" सर्व्हेअर बराच वेळ त्या ओल्या कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ओके, एकच क्लेम.

मला तर त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

आणि तेवढ्यात काका पुढच्या बंपरपाशी उकिडवे बसले. उजव्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, अंगठ्याकडे बघितलं, मग तो सर्व्हेअरला दाखवला. "हा ओरखडा मात्र जुना हं. आत माती बसलीये बघ."

अहो काका!!

"खरं ते खरं. मी काय तुमचा वकील नाही."

ओरखडा जुनाच होता, बोटभर लांबीचा, सोसायटीच्या गेटला घासलेला. पण बंपर मधोमध फाटला होता हो, त्याचा त्या कोपऱ्याशी काय संबंध? सर्व्हेअरच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच तेज आलं. वेगवेगळ्या अँगलने सात फोटो काढले त्या ओरखड्याचे, फाटलेल्या भागाचा एक.

पुढचं गणित कुणी आधी सांगत नाही म्हणून सांगते. पार्ट जुना झाला म्हणून भरपाईतून जे कापतात तो घसारा. प्लास्टिकला तो सरसकट 50 टक्के, बंपर कालच बसवलेला असला तरी. पत्र्याचा घसारा गाडीच्या वयावर, माझी सहा वर्षांची, म्हणजे 40 टक्के. काचेला मात्र काही कापत नाहीत. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं असतं तर हे वाचलं असतं, पण ते गेल्या वर्षी पैसे वाचवायला मीच काढून टाकलं होतं, आणि नवऱ्याने त्याची आठवण आत्तापर्यंत फक्त अकरा वेळा करून दिलीये. 45,000 चं बिल, त्यातले 29,650 मिळायला हवे होते. मंजूर झाले 27,150. पुढच्या बंपरपुढे शेरा, 'जुने नुकसान', रक्कम शून्य.

अडीच हजारांसाठी कोण भांडतं? मी भांडले. तीन मेल, चार फोन, दर फोनला नवीन माणूस आणि पुन्हा "काय झालं होतं मॅडम?" शेवटी लिहिलं की 30 दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर विम्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालांकडे जाईन, पुण्यातच ऑफिस आहे, फी लागत नाही. एकोणिसाव्या दिवशी फोन आला, "मॅडम, गुडविल म्हणून अर्धे देतो." माझेच पैसे, यांचं गुडविल! घेतले. वैताग आला होता. शिवाय पाच वर्षं एकही क्लेम नाही म्हणून साठलेला 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे हप्त्यातली सूट, रिन्यूअलला शून्यावर येणार, तो वेगळाच. टेम्पोवाल्याचा बोनस बहुतेक शाबूत असेल.

गाडी आणायला गेले तर काका होतेच. नव्या बंपरच्या त्याच कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"बघा, तो ओरखडा पण गेला की फुकटात," म्हणाले, आणि मला दांडेकर पुलापर्यंत सोडाल का विचारत पुढचं दार उघडून बसलेसुद्धा.

सोडलं. सगळ्या रस्त्याने सांगत होते, हळू चालवा.